आयुष्यभराचं तेल

६ फेब्रुवारी, गुरुवार

हिची बदली झाली. बदली म्हणजे बढतीच. धरणाजवळच्या गावात पाणी तपासायची नवी प्रयोगशाळा उभी राहिली आहे, तिची प्रमुख म्हणून. तीन मार्चला रुजू व्हायचं. मी मागच्या खोलीत एका डेंटिस्टकडची कवळी घासत बसलो होतो. ही चपला न काढताच आत आली आणि सांगून मोकळी झाली. मी "वा, छान" म्हणालो. मोटर बंद करायला विसरलो, त्यामुळे ते तिला नीट ऐकू गेलं नसावं.

पंधरा दिवसांनी एकदा शनिवार-रविवार घरी येईन म्हणते. चार तासांचा रस्ता, मधे मोठा घाट. प्रयोगशाळा गावाबाहेर आहे, तिथे बस जात नाही, म्हणजे गाडी हिलाच न्यावी लागणार. हिच्या डाव्या घोट्यात पट्टी आणि स्क्रू आहेत. क्लच दाबता येत नाही, म्हणून तर आपण ऑटोमॅटिक घेतली.

"ही गाडी घाटात न्यायच्या लायकीची राहिलेली नाही," मी म्हणालो. खोटं नाही ते. सकाळी गार असताना 'डी'मध्ये टाकली की आधी काहीच होत नाही, मग खालून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का बसतो. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मात्र आहे त्याच वेगात.

"हे मी तुला दोन महिने सांगतेय."

सांगितलं असेल. मी म्हणालो, गिअरबॉक्सचं तेल बदललं की होईल नीट. तू जायच्या आत करून देतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेचं दालन, गार हवा, यंत्रातली कॉफी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, या मॉडेलला गिअरबॉक्सचं तेल बदलायचं नसतं. लाइफटाइम आहे."

"कुणाची लाइफ?"

"सर?"

"गाडीची, तेलाची, की माझी?"

तिला शिकवलं होतं तसं ती हसली आणि टायवाल्या साहेबांना बोलावून आणलं. ते म्हणाले, कंपनीचं म्हणणं तसंच आहे. मी विचारलं, मग कंपनी आयुष्य किती धरते? "वॉरंटी संपेपर्यंत धरा ना," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि मग ते घाईघाईने फोन घ्यायला वळले.

घरी येऊन गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. त्यात शेवटी शेवटी बारीक टायपात दिलंय: डोंगरातले रस्ते, कडक ऊन, जास्त ओझं, सारखी थांबत-चालत गर्दी, यातलं काही असेल तर साठ हजार किलोमीटरच्या आसपास तेल बदलावं. आपली लाखाच्या वर गेली आहे आणि या चारही गोष्टी तिने केल्या आहेत. पुस्तक आणि काउंटर एकाच कंपनीचे. संताप नुसता.

९ फेब्रुवारी, रविवार

जिन्यात विश्वकोश भेटले. वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ. त्यांना ठाऊक नाही असा विषय अजून निघालेला नाही, म्हणून हिने त्यांचं हे नाव ठेवलं आहे.

"हात लावू नका," ते म्हणाले. "जुन्या तेलात जो कचरा असतो ना, त्याच्या घर्षणावरच आतल्या प्लेटा धरून राहिलेल्या असतात. नवं तेल घातलंत की घसरल्याच. माझ्या साडूची गाडी तेल बदलल्यावर आठवड्यात बसली."

जेवताना मी हे हिला सांगितलं. ही म्हणाली, "साडूंची गाडी आधीच बसायला आलेली असेल, म्हणून तर तेल बदललं. आजारी माणूस दवाखान्यात जाऊन मेला म्हणजे दवाखान्याने मारला का?" मग म्हणाली, "तू काय ठरवलंस?"

मी म्हणालो, अजून चौकशी करतो. अशा गोष्टीत घाई करून चालत नाही.

हिने धरणाजवळच्या गावात एक खोली बघितली आहे, फोनवर फोटो दाखवले. खिडकी पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात भट्टी होणार. मी तसं म्हणालो, तर हिने फोन उलटा करून ठेवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चौकातल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे गेलो. माणूस तिरसट आहे. दुसऱ्या गाडीच्या पोटात डोकं घालूनच माझ्याशी बोलला.

"बदला. बदलायलाच पाहिजे."

"पण जुन्या गाडीत बदललं की बिघडते म्हणतात."

"मशिन लावून, दाब देऊन सगळं धुऊन काढलं तर बिघडू शकते. साचलेली घाण सुटते आणि नको तिथे जाऊन अडकते. आपण तसं नाही करायचं. खालची ट्रे उघडायची, जेवढं तेल आपोआप उतरतं तेवढं उतरू द्यायचं, ट्रे पुसायची, फिल्टर बदलायचा, तेवढंच नवं भरायचं." डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "आणि तेल पुस्तकात लिहिलंय त्याच जातीचं आणा. 'तसंच असतं, चालतं' म्हणून दुकानदार दुसरं देईल, ते घेऊ नका. पुढच्या गुरुवारी गाडी आणा."

पुढचा गुरुवार म्हणजे वीस तारीख. इतके दिवस नुसतं बसून राहायचं? हिची जायची तारीख तोंडावर आलेली. मी म्हणालो, बघतो.

घरी आल्यावर ही म्हणाली, "वीस तारीख उत्तम आहे की. वर दहा दिवस हातात राहतात."

पण मी विचार करत होतो. ट्रे उघडायची, पुसायची, बंद करायची. मी आयुष्यभर माणसाच्या तोंडात केसाइतक्या फरकाने बसणाऱ्या वस्तू बनवल्या. चार बोल्ट मला जड नाहीत. मीच करणार, असं हिला सांगितलं.

ही आरशात बघून कानातलं काढत राहिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे चूक नेमकी कुठे झाली ते कळेल.

तेल हव्या त्या जातीचं मिळालं, त्यासाठी तीन दुकानं फिरलो. फिल्टर आणि ट्रेच्या कडेला बसणारं गॅस्केटही आणलं. सकाळी गाडी जरा फिरवून आणली, कारण कोमट तेल चांगलं उतरतं. मग चारही बाजूंनी उचलून स्टँडवर ठेवली, अगदी सपाट, पाणसळ लावून. खाली परात. तळाचा बोल्ट काढला.

नवं तेल लाल आणि आरपार दिसणारं असतं. आपलं निघालं उकळून उकळून राहिलेल्या काळ्या चहासारखं, आणि वास जळक्या फडक्याचा. किती निघालं ते मापून ठेवलं, तेवढंच परत भरायचं म्हणून. ट्रे उतरवली. तिच्यात छोटी लोहचुंबकं असतात, त्यांच्यावर करडा चिखल बसला होता. तो पाहून मला बरं वाटलं. बारीक पेस्ट म्हणजे नुसती झीज; ठिकऱ्या निघाल्या असत्या तर मामला संपला होता. असा चिखल माझ्या पॉलिशच्या चाकावर रोज जमतो. चुंबकं पुसली, नवा फिल्टर बसवला, गॅस्केट लावून ट्रेचे बोल्ट थोडे थोडे, एकाआड एक आवळले. सुबक काम झालं.

मग भरायचा बोल्ट. या गाडीला तेल बघायची पट्टी नाही, वरून ओतायला नळीही नाही. गिअरबॉक्सच्या कुशीत एक बोल्ट आहे, तो काढून तिथून पंपाने तेल आत सारायचं. तो बोल्ट निघेना. पाना लावून जोर केला, पान्याला पाइप जोडून जोर केला, आणि कट्‌ असा आवाज झाला. बोल्टचे कोपरे गोल झाले. आता पाना नुसता गरगर फिरतो.

ही चहा घेऊन आली. वाकून पाहिलं.

"जुनं सगळं निघालं?"

"निघालं."

"मग नवं भरायचं कुठून?"

मी चहा घेतला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गाडी चार खुरांवर उभी. आत तेल नाही, म्हणजे इंजिनसुद्धा चालू करायचं नाही. ही बसने कामावर गेली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गंज सोडवणारा फवारा मारून रात्रभर ठेवला. हातोडीने ठोकून पाहिलं. मोठ्या पकडीने धरलं, पकड घसरून माझी बोटं सोलली. बोल्ट ढिम्म.

लेकीचा फोन. तिच्या आईने सांगितलं असणार. "बाबा, भरायचा बोल्ट उघडतो की नाही हे तेल काढायच्या आधी बघतात. कुठल्याही व्हिडिओत पहिल्या मिनिटाला सांगतात."

"तू व्हिडिओ बघ. मी काम करतोय."

मग ती म्हणाली, "बाबा, आई जायला नकोय का तुला?"

मी सकाळपासून गाडीखाली उताणा पडलेलो, तोंडावर गंज पडतोय, आणि लेकीला हे सुचतंय. मुलांना हल्ली प्रत्येक गोष्टीत काहीतरी खोल दिसतं. बोल्ट निघत नाही, एवढीच गोष्ट आहे.

एक मात्र बरं झालं. संध्याकाळी ही बादली उलटी घालून गाडीपाशी येऊन बसते. काल नळाच्या पाण्याच्या नमुन्यांबद्दल सांगत होती, बाटली कशी विसळायची, कुठे हात लावायचा नाही. आम्ही एवढं निवांत कधी बोललो होतो ते आठवत नाही. गाडी चालू असली की ती आपली येते, जेवते, झोपते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भांडण.

ही म्हणाली, "मिस्त्रीला फोन का करत नाहीस?"

"तो म्हणणार, गुरुवारी या म्हटलं होतं."

"म्हणू दे की. म्हटलंच होतं त्याने."

"माझं होत आलंय."

"सहा दिवस होत आलंय." मग बादलीवरून उठली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तीन तारखेपर्यंत गाडी अशीच राहिली तर काय होईल, असं तुला वाटतं?"

मी खरं ते सांगितलं. "आठ-दहा दिवस पुढे ढकलून मागता येईल. एवढं कुणी नाही म्हणणार नाही."

"मी मागणार नाही. बसने जाईन. गावापासून पुढे चालत जाईन. ही जागा मला कुणी उपकार म्हणून दिलेली नाही, आणि मी तुला टाकूनही चाललेली नाही. हे डोक्यात ठेव, आणि मग त्या बोल्टचं काय करायचं ते कर."

टाकून जाण्याचा विषय कुणी काढला होता? मी तर तेलाबद्दल बोलत होतो. दिवसभर माझं डोकं तापलेलं. कवळीचा एक दात उलटा बसवला आणि ती अख्खी पुन्हा बनवावी लागली.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ही खुर्चीवर बसलेली, डावा पाय समोरच्या स्टुलावर, घोट्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. घोटा गुडघ्याएवढा झाला होता. आठवडाभर बस थांब्यापासून चालत येत होती. मला एका शब्दाने बोलली नव्हती. मी दिसल्यावर तिने पदर ओढावा तसं फडकं पुढे ओढलं.

मी बाहेर आलो, गाडीकडे पाहिलं, आणि मिस्त्रीला फोन केला. "गुरुवारी या म्हटलं होतं" असं तो म्हणालाच. मी "हो" म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मिस्त्री वेल्डिंगचं सामान घेऊन आला. गोल झालेल्या बोल्टच्या डोक्यावर दुसरा नट ठेवला, वेल्डिंगने चिकटवला, गार होऊ दिला, त्या नटाला पाना लावला. आला बाहेर. माझा आठवडा गेला त्या बोल्टवर.

"आधी हा उघडायचा असतो, साहेब. हा नाही निघाला तर खालचा काढायचाच नाही. गाडी निदान चालत तरी राहते."

"कळलं."

"बाकी ट्रे चांगली बसवलीय."

आता त्या बोल्टच्या जागी नवा हवा, आणि तो दुकानात नाही. गोदामातून गुरुवारी येईल म्हणाले. शुक्रवारपर्यंत काही खरं नाही. ही म्हणाली, "शुक्रवार ठीक आहे," आणि कपाटातून बॅग काढली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. तेही लिहून ठेवतो.

हातपंपाने नवं तेल आत सारलं, जेवढं निघालं होतं तेवढंच. मग इंजिन चालू. मी ब्रेक दाबून बसलो आणि मिस्त्रीने सांगितलं तसं प्रत्येक गिअरमध्ये थोडं थांबत 'पी'पासून खालपर्यंत आणि परत नेलं, म्हणजे तेल आत सगळीकडे फिरतं. पातळी बघायची तीही इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट उभी आणि तेल कोमट झालेलं असताना. खूप गरम झालं की फुगतं, गार असलं की कमी दिसतं, दोन्हीकडून फसगत. मिस्त्रीने तेलाचं तापमान दाखवणारं त्याचं यंत्र लावलं, चाळीस अंशाला आलं तसा पातळीचा छोटा बोल्ट उघडला. बारीक धार लागली, मग धारेचे थेंब झाले. थेंब झाले की बंद करायचं.

हिला घेऊन फेरी मारली. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ओरडणं गेलं. सुरुवातीचा धक्का मात्र आहे अजून, बारीकसा. माझं तोंड उतरलं. एवढं करून हे.

मिस्त्री म्हणाला, "राहणारच. ट्रेतून निम्मंसुद्धा तेल निघत नाही. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या डब्यात, बसलेलं असतं. आता हजारभर किलोमीटर चालवा, परत असंच काढून भरा. मग पुन्हा एकदा. जुनं असं थोडं थोडं करूनच जातं."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही 'बघतो' म्हणून निघून गेलात."

मी विचारलं, पुढच्या खेपेला तिकडे धरणाजवळ केलं तर चालेल का. सपाट जागा असली की कुठेही चालेल, म्हणाला.

२ मार्च, रविवार

हिला पोचवून बसने परत आलो. घाटात गाडी तीच चालवत होती. मी कान लावून बसलो होतो. गिअर कधी बदलतोय ते कळत नव्हतं. प्रत्येक वळणावर मी अंदाजाने "बघ, आता पडला" म्हणत होतो. शेवटी ही म्हणाली, "गप्प बस आणि बाहेर बघ." बाहेर खरंच छान होतं.

खोली लहान आहे. पश्चिमेच्या खिडकीला मी जाड कापड ठोकून दिलं. मग ही मला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. रविवार, कुणीच नव्हतं. लांब पांढरे ओटे, काचेच्या बाटल्यांच्या रांगा. ही एकेका यंत्रावरचं प्लास्टिक उचलून मला सांगत होती, हे काय करतं, ते काय करतं. हिचा चेहरा असा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. उजेड चांगला आहे तिथे, मोठ्या खिडक्या.

बसमध्ये कमरेची वाट लागली. घरी भात टाकला, तो दोघांचा झाला.

११ मार्च, मंगळवार

रोज संध्याकाळी फोन करून किलोमीटर विचारतो. लक्ष ठेवावंच लागतं. आज ही म्हणाली, "कालच्यापेक्षा वीस जास्त. प्रयोगशाळेत जाऊन येते ना रे रोज, अजून कुठे जाणार?"

मी विचारलं, सकाळचा धक्का?

"आहे थोडा. बाकी सगळं ठीक. तू काय जेवलास?"

भात, सांगितलं.

येत्या शनिवारी ही येणार होती, पण धरणातून पाणी सोडायच्या आधीचे नमुने घ्यायचे आहेत म्हणून तिथेच राहणार. समजण्यासारखं आहे. दोन तेलाचे कॅन आणून ठेवले, त्याच जातीचे.

२० मार्च, गुरुवार

साडेपाचशे झाले. मिस्त्री हजार म्हणाला होता, पण 'हजारभर' म्हणाला होता, आणि अशी कामं हजार पूर्ण व्हायची वाट बघत लांबवण्यात अर्थ नसतो. धक्का अजून आहे म्हणजे जुनं तेल आहे. शनिवारी सकाळच्या बसने निघतो. हिला तसं कळवलं.

सामान भरलं. हातपंप, पाने, तिन्ही बोल्टांचे नवे वॉशर, परात, पाणसळ, फडकी. तेलाचे कॅन वेगळ्या पिशवीत. कामाचे जुने कपडे. दोन इस्त्रीचे शर्टही टाकले, कारण काम झाल्यावर काहीतरी घालावं लागणारच. दाढीचं सामान.

तसं पाहिलं तर काम रविवारी दुपारपर्यंत उरकेल. पण तेल भरल्यावर गाडी एक-दोन दिवस चालवून, गार करून, पुन्हा पातळी बघितलेली बरी. डेंटिस्टना सांगितलं की बुधवारपर्यंत कवळ्या मिळणार नाहीत.

हिला म्हणालो, "बुधवारपर्यंत राहावं लागेल बहुतेक."

"तेलासाठी?"

"तेलासाठीच."

ही म्हणाली, "खालच्या अंगणातली जागा सपाट आहे. मी बघून ठेवलीय."

मिस्त्री म्हणाला होता, यानंतर अजून एकदा बदलावं लागेल. एकदा म्हणाला, पण लाखाच्या वरची गाडी आहे. मी दोनदा धरून चाललो आहे.